चित्र संगणकावर दिसते, संकेतस्थळावर दिसत नाही: वारंवार येणाऱ्या बिघाडाचे निवारण

स्वतःच्या संगणकावर व्यवस्थित दिसणारे चित्र संकेतस्थळावर चढवल्यानंतर दिसेनासे होते, हा बिघाड निरनिराळ्या रूपांत समोर येतो. कधी चित्राच्या जागी रिकामी चौकट आणि तिच्या कोपऱ्यात फाटलेल्या कागदासारखे छोटे चिन्ह दिसते. कधी चौकटही नसते, केवळ चित्राचे वर्णन म्हणून लिहिलेला मजकूर तेवढा दिसतो. कधी मुखपृष्ठावरची चित्रे दिसतात, पण आतल्या पानांवरची तीच चित्रे गायब असतात. कधी वरचा अर्धा भाग उमटतो आणि खाली करडा पट्टा राहतो. कधी आयफोन वापरणाऱ्या मित्राला चित्र दिसते आणि अँड्रॉइडवाल्याला दिसत नाही. कधी स्वतःला सगळे दिसते आणि इतर कोणालाच काही दिसत नाही. क्वचित असेही होते की महिनोन्‌महिने नीट चाललेली सगळीच चित्रे एका सकाळी एकदम नाहीशी होतात. यांपैकी आपल्याकडे नेमके काय घडते आहे हे आधी कागदावर लिहून ठेवावे, कारण पुढच्या तपासणीत प्रत्येक लक्षण वेगळ्या कारणाकडे बोट दाखवते.

मी स्वतः हॉकीची डिजिटल चित्रे काढतो आणि ती माझ्या संकेतस्थळावर ठेवतो. पुणे परिसरातल्या खडकी, पिंपरी आणि कॅम्प भागातल्या हॉकीवेड्या मित्रांची अशीच छोटी संकेतस्थळे मी गेली काही वर्षे दुरुस्त करून देत आलो आहे. २९ ऑगस्ट, म्हणजे मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिन आणि आपला राष्ट्रीय क्रीडा दिन, जवळ आला की बहुतेक जण नवी चित्रमालिका चढवतात आणि त्याच आठवड्यात मला फोन येऊ लागतात. दहापैकी आठ-नऊ वेळा चित्राला काहीही झालेले नसते. चित्राचा पत्ता, म्हणजे ते कुठे ठेवले आहे हे सांगणारा पानातला मजकूर, चुकलेला असतो. म्हणून चित्र पुन्हा पुन्हा चढवत बसू नये. त्याने एकाच चित्राच्या चार प्रती तयार होतात आणि कोणती प्रत कोणत्या पानाला जोडलेली आहे हे नंतर कळेनासे होते.

आधी फुकटच्या तपासण्या

पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे. आपल्या मोबाइलचे वायफाय बंद करावे, मोबाइल डेटा चालू करावा आणि ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून पान उघडावे. ब्राउझर एकदा पाहिलेले चित्र साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला, म्हणजे संकेतस्थळ ज्या दूरच्या संगणकावर ठेवलेले असते त्याला, न विचारता तीच साठवलेली प्रत दाखवतो. त्यामुळे सर्व्हरवरून चित्र नाहीसे झाले तरी आपल्याला ते दिसत राहते, आणि उलट, सर्व्हरवर दुरुस्त झालेले चित्र आपल्याला बिघडलेलेच दिसू शकते. संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही बटणे एकत्र दाबली की साठवलेली प्रत बाजूला ठेवून पान नव्याने मागवले जाते. एवढ्याने चित्र आले, तर बिघाड नव्हताच. इतरांनाही थोड्या वेळाने किंवा पान नव्याने मागवल्यावर ते दिसू लागेल.

याच टप्प्यावर आपण पाहत असलेले पान खरोखर इंटरनेटवरचे आहे का, हेही बघावे. संगणकावर साठवलेल्या पानावर दोनदा क्लिक केले तरी ते ब्राउझरमध्येच उघडते आणि हुबेहूब संकेतस्थळासारखे दिसते. पत्त्याच्या पट्टीत सुरुवातीला ‘फाइल’ असा शब्द असेल, तर आपण घरचीच प्रत पाहत आहोत. पानात चित्राचा पत्ता सी ड्राइव्हवरच्या फोल्डरचा दिलेला असेल, तर घरच्या प्रतीत चित्र दिसणारच, पण कोथरूडमधल्या आपल्या मित्राच्या ब्राउझरला आपला सी ड्राइव्ह दिसणे शक्य नाही.

दुसरी तपासणी ब्राउझरमधल्या जाहिराती अडवणाऱ्या जोडण्यांची, म्हणजे एक्स्टेन्शनची. या जोडण्या फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावावरून जाहिरात ओळखतात. एका मित्राने टर्फच्या, म्हणजे हॉकीच्या कृत्रिम मैदानाच्या, कडेने लावलेल्या जाहिरातफलकांचे फार सुंदर रेखाटन केले होते आणि ती चित्रे ज्या फोल्डरमध्ये ठेवली त्याचे नाव इंग्रजीत ‘अ‍ॅड्स’ असे दिले होते. ज्यांच्याकडे जाहिरातबंदी होती त्यांना तो संपूर्ण विभाग रिकामा दिसत होता. फोल्डरचे नाव बदलून पानांतले पत्ते दुरुस्त केल्यावर चित्रे लगेच आली. ‘बॅनर’ आणि ‘स्पॉन्सर’ ही नावेही याच कारणासाठी टाळावीत.

सर्व्हर काय उत्तर देतो ते ऐकावे

आता येते ती तपासणी सर्वांत महत्त्वाची, कारण पुढचा सगळा मार्ग तिच्यावर ठरतो. रिकाम्या चौकटीवर उजवे क्लिक करून चित्र नव्या टॅबमध्ये उघडावे. तसा पर्याय मिळाला नाही, तर एफ १२ हे बटण दाबून उघडणाऱ्या खिडकीत ‘नेटवर्क’ हा विभाग निवडावा, पान पुन्हा मागवावे आणि यादीत त्या चित्रासमोर कोणता आकडा येतो ते पाहावे. ४०४ म्हणजे या पत्त्यावर अशी फाइल सापडली नाही. ४०३ म्हणजे सर्व्हर ती देण्यास नकार देत आहे. २०० म्हणजे फाइल पाठवली, आता ती उघडता येत नसेल तर दोष फाइलमध्ये आहे. ५०० किंवा त्यापुढचा आकडा म्हणजे सर्व्हरच अडचणीत आहे. हा आकडा न पाहता दुरुस्ती सुरू करणाऱ्यांनी अख्खे रविवार वाया घालवलेले मी पाहिले आहेत, म्हणून माझा आग्रह आहे की या पायरीवरून उडी मारू नये.

४०४ आल्यास: नाव आणि पत्ता

या कारणावर मी सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे उत्तर इथेच सापडते.

विंडोज संगणकावर फाइलच्या नावातली इंग्रजी अक्षरे कॅपिटल आहेत की लहान, याने फरक पडत नाही. मॅकवरही नेहमीच्या मांडणीत पडत नाही. बहुतेक संकेतस्थळे मात्र लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर असतात आणि तिथे कॅपिटल ‘जी’ने सुरू होणारी ‘गोली’ (म्हणजे गोलरक्षक) आणि लहान ‘जी’ने सुरू होणारी ‘गोली’ या दोन स्वतंत्र फाइली ठरतात. गेल्या वर्षी नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमजवळ राहणारा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. पेनल्टी कॉर्नरच्या क्षणी गोलात उभ्या राहिलेल्या खेळाडूंची त्याने तेवीस चित्रे काढली होती: निळे टर्फ, अंगावर येणारा ड्रॅगफ्लिकचा फटका, आणि ३.६६ मीटर रुंद व २.१४ मीटर उंच चौकट अडवून उभा असलेला गोली. त्यांतली चौदा चित्रे दिसत होती आणि नऊ दिसत नव्हती. तो तीन वेळा सगळी चित्रे पुन्हा चढवून थकला होता. आम्ही फोल्डर आणि पानाचा मजकूर शेजारी शेजारी उघडून अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहिले, तेव्हा त्या नऊ फाइलींच्या शेवटी ‘जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत आहे आणि पानात ते लहान अक्षरांत लिहिले आहे, असे आढळले. ती नऊ चित्रे त्याने दुसऱ्या प्रणालीतून बाहेर काढली होती आणि ती प्रणाली शेवट कॅपिटलमध्येच लावत होती. दुरुस्तीला पाच मिनिटे लागली.

त्याच जातीची आणखी एक चूक म्हणजे दुहेरी शेवट. विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवते, त्यामुळे नाव बदलताना आपण पुन्हा ‘डॉट जेपीजी’ लिहितो आणि खरे नाव ‘गोली डॉट जेपीजी डॉट जेपीजी’ असे होऊन बसते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन नावाचा हा शेवट दाखवण्याचा पर्याय कायमचा चालू ठेवावा. ‘जेपीजी’ आणि ‘जेपीईजी’ यांतला एका अक्षराचा फरकही डोळ्यांतून निसटतो.

नावातल्या मोकळ्या जागेचा त्रास जरा फसवा आहे. साध्या पानात ब्राउझर तिला सांभाळून घेतो, पण एकाच चित्राचे लहान-मोठे आकार जिथे यादीने दिलेले असतात तिथे मोकळ्या जागेपाशी पत्ता तुटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तो पत्ता पाठवला तरीही बहुधा त्याच ठिकाणी तुटतो आणि समोरच्याला अर्धाच दुवा मिळतो. मोकळ्या जागेऐवजी आडवी छोटी रेघ वापरावी.

आपल्या मराठी नावांविषयी इथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात हे सापडत नाही. देवनागरी नावाची फाइल चालते, परंतु पत्त्यात प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्ह टक्केचिन्हांसह नऊ चिन्हांचे होते, त्यामुळे ‘कोपऱ्यातून फटका’ एवढे नावही वाचता येणार नाही इतके लांबते. त्याहून मोठी अडचण ‘ऱ्या’मध्ये आहे. हे जोडाक्षर टाइप करण्याचे एकापेक्षा अधिक मार्ग आहेत: काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही ‘ऱ्या’ सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. फाइलचे नाव संगणकावर एका कीबोर्डने आणि पानातला पत्ता मोबाइलवर दुसऱ्या कीबोर्डने लिहिला, तर कितीही वेळा नीट वाचून पाहिले तरी चूक सापडत नाही. माझे स्वतःचे एक चित्र याच कारणाने संपूर्ण आठवडाभर अडले होते आणि नाव पुन्हा टाइप न करता फाइलवरून उचलून पानात चिकटवल्यावर ते दिसले. तेव्हापासून मी फाइलचे नाव लहान इंग्रजी अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यांतच ठेवतो, आणि चित्राचे मराठी नाव चित्राखाली पानावर हौसेने लिहितो. तिथे त्याला योग्य तो मानही मिळतो.

मुखपृष्ठावर चित्र दिसते आणि आतल्या पानांवर दिसत नाही, असे असेल तर नाव बरोबर आहे आणि वाट चुकली आहे. पत्त्याच्या सुरुवातीला तिरकी रेघ नसेल, तर ब्राउझर ते चित्र त्या पानाच्याच फोल्डरमध्ये शोधतो. रेघ असेल, तर संकेतस्थळाच्या मुळापासून शोधतो. आपले संकेतस्थळ एखाद्या मोठ्या पत्त्याखालच्या उपफोल्डरमध्ये असेल, तर मुळापासून शोधणेही चुकते, कारण ते मूळ आपले नसते. अशा वेळी पूर्ण पत्ता लिहून पाहावा. तो चालला, तर कारण नक्की झाले.

गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, वापरून संकेतस्थळ चढवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. विंडोजवर नावातले फक्त कॅपिटल-लहान अक्षर बदलले, तर गिटला तो बदल बहुधा जाणवतच नाही, म्हणून नाव आधी पूर्ण वेगळे करून नोंदवावे आणि मग हवे ते करावे. आणि गिटहब पेजेस या संकेतस्थळ-सेवेवर नेहमीच्या मांडणीत ज्या फोल्डरचे नाव खालच्या रेघेने, म्हणजे अंडरस्कोरने, सुरू होते तो प्रसिद्ध होत नाही.

२०० येऊनही चित्र नसेल तर: फाइल

फाइल पोहोचली आणि ब्राउझरला वाचता आली नाही, असा याचा अर्थ होतो. चित्र काढण्याच्या प्रणालीची मूळ फाइल, मग ती फोटोशॉपची असो, कृताची असो वा प्रोक्रिएटची, ब्राउझर दाखवू शकत नाही. ती बाहेर काढून जेपीजी, पीएनजी किंवा वेबपी करावी लागते. मूळ फाइलच्या नावाचा शेवट केवळ बदलून ‘पीएनजी’ लिहिल्याने तिचे अंतरंग बदलत नाही. कागदावरचे रेखाटन आयफोनने टिपून थेट चढवले असेल, तर ते बहुधा एचईआयसी प्रकारातले असते. ते नव्या सफारीत दिसते, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये दिसत नाही. आयफोनवाल्याला दिसते आणि अँड्रॉइडवाल्याला नाही, या लक्षणाचे हे सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण आहे.

अर्धे चित्र आणि खाली करडा पट्टा असेल, तर चढवणे मध्येच तुटले आहे. पावसाळ्यात वीज गेली आणि राउटर बंद पडला की हे हमखास होते. सर्व्हरवरच्या फाइलचे आकारमान आणि घरच्या फाइलचे आकारमान बाइटपर्यंत जुळते का ते पाहावे. जुळत नसेल, तर याच एका प्रसंगी चित्र पुन्हा चढवणे योग्य आहे. एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवर फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने, चढवत असल्यास पद्धत ‘बायनरी’ असावी, कारण मजकुरासाठीच्या ‘आस्की’ पद्धतीत ओळींचे शेवट बदलले जातात आणि चित्राची फाइल त्याने खराब होते.

सहा हजार पिक्सेल रुंदीची, चाळीस एमबीची फाइल कोणतीही चूक नसतानाही दिसत नाही, कारण पाहणाऱ्याच्या फोनवर ती उतरून पूर्ण होण्याआधीच तो पुढे निघून जातो. संकेतस्थळासाठी १६०० ते २००० पिक्सेल रुंदीची वेगळी प्रत काढावी आणि मूळ फाइल घरी जपून ठेवावी. टर्फचा निळा रंग फिका किंवा भडक दिसणे हा मात्र वेगळा प्रश्न आहे. प्रत काढताना रंगसंच एसआरजीबी ठेवला की तो बहुतेक वेळा सुटतो.

४०३ आणि असुरक्षित पत्ता

४०३ आल्यास सर्व्हरवरच्या परवानग्या पाहाव्यात. सर्वसाधारण संकेतस्थळावर फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ हे आकडे योग्य असतात. काही जण वैतागून सगळ्याला ७७७ देतात, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कोणालाही आपल्या फाइली बदलण्याची मुभा देतात. चित्र त्याने दिसले तरी हे कदापि करू नये.

चित्र आपल्या सर्व्हरवर नसून दुसरीकडून उचलून दाखवले असेल, तर त्या दुसऱ्या सर्व्हरने परक्या पानांना चित्र देणे बंद केलेले असते, किंवा तो दुवा काही दिवसांपुरताच होता. समाजमाध्यमांवरच्या चित्रांचे दुवे असे मुदतीचे असणे सर्रास आढळते. धनराज पिल्ले आपल्या खडकीचे, चार ऑलिंपिक खेळलेले, त्यांचे चित्र काढून ते आधी समाजमाध्यमावर टाकायचे आणि तिथला दुवा संकेतस्थळावर जोडायचा, हा सोपा वाटणारा मार्ग थोड्या दिवसांत रिकाम्या चौकटीपाशी पोहोचवतो. आपले चित्र आपल्या सर्व्हरवरच असावे, याबाबतीत मी तडजोड करत नाही.

पानाचा पत्ता सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो आणि तरीही चित्र येत नाही, तेव्हा चित्राचा पत्ता जुन्या ‘एचटीटीपी’ने सुरू होतो का ते पाहावे. सुरक्षित पानावर असुरक्षित पत्त्याचे चित्र ब्राउझर आधी सुरक्षित मार्गाने मागवून पाहतो आणि तसे मिळाले नाही तर दाखवत नाही. पानातल्या पत्त्यात एक ‘एस’ वाढवून काम होते, अर्थात चित्र जिथे आहे तिथे सुरक्षित मार्ग उपलब्ध असेल तर.

सगळी चित्रे एकदम गेली असतील तर

वरच्या कारणांनी साधारणपणे एखाद-दुसरे चित्र किंवा एखादा गट जातो. सगळी एकदम जातात तेव्हा होस्टिंग कंपनीकडच्या, म्हणजे सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीकडच्या, आपल्या खात्याकडे वळावे. सर्व्हरची जागा भरली आहे का, डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, वार्षिक शुल्क थकले आहे का, आणि सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का, हे नियंत्रण पटलावर दिसते. मोफत मिळणारी अनेक प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात आणि त्यांचे आपोआप होणारे नूतनीकरण कधी कधी गुपचूप थांबलेले असते. चित्रांसाठी वेगळे उपडोमेन, म्हणजे मुख्य नावाआधी शब्द जोडून केलेला वेगळा पत्ता, असेल, तर पान दिसते आणि फक्त चित्रे जातात, म्हणून त्या उपडोमेनचे प्रमाणपत्र वेगळे तपासावे.

कुठे थांबावे

एचटीएमएल पानातले पत्ते, फाइलींची नावे आणि चित्रांच्या प्रती एवढे काम हौशी माणसाने निर्धास्तपणे करावे, कारण त्यातली प्रत्येक चूक परत फिरवता येते. पुढील प्रसंगांत मात्र हात आवरावा आणि जाणकाराला बोलवावे. ५०० किंवा त्यापुढचा आकडा सातत्याने येत असेल आणि होस्टिंगच्या मदत कक्षाकडूनही उलगडा होत नसेल, तर सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलींना स्वतः हात लावू नये. डोमेनच्या डीएनएस नोंदी, म्हणजे ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या नोंदी, बदलण्याची वेळ आली आणि त्याच डोमेनवर आपली ईमेलही चालत असेल, तर एका चुकीच्या नोंदीने पत्रे यायची थांबतात. फोल्डरमध्ये आपण न ठेवलेल्या फाइली आढळल्या किंवा पान उघडल्यावर परक्या संकेतस्थळावर नेले जाऊ लागले, तर कोणीतरी आत शिरले आहे. अशा वेळी काहीही पुसू नये, दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून संकेतशब्द बदलावा आणि त्याच दिवशी व्यावसायिकाला गाठावे. आणि मूळ चित्रांची दुसरी प्रत कुठेही नसेल, सर्व्हरवरची तीच एकमेव असेल, तर आधी सगळे उतरवून घ्यावे. ते जमत नसल्यास पहिल्या पायरीपासूनच मदत घ्यावी.

जाणकाराकडे जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: न दिसणाऱ्या एका चित्राचा पूर्ण पत्ता, त्यासमोर आलेला आकडा, बिघाड प्रथम दिसला ती तारीख आणि त्याआधी आपण केलेला शेवटचा बदल. आपला मुख्य संकेतशब्द त्याला देऊ नये. नियंत्रण पटलावरून त्याच्यासाठी वेगळे खाते उघडून द्यावे आणि काम संपल्यावर, चित्रे दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहून खात्री झाली की, ते खाते बंद करावे.